संशोधन-प्रस्ताव : एक अलक्षित वाङ्मयप्रकार

१

संशोधनाच्या दर्जाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. प्रबंधांचा साचेबंदपणा, संदर्भांची हेळसांड, उसन्या सिद्धान्तांचा यांत्रिक वापर या तक्रारी आता परिचयाच्या झाल्या आहेत. या सर्वांच्या आधी लिहिली जाणारी एक संहिता मात्र समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. ती म्हणजे अनुदानासाठी सादर केला जाणारा संशोधन-प्रस्ताव. ती कार्यालयीन कागदपत्रांत मोडते असे मानले जाते, आणि कागदपत्रांची समीक्षा कोण करणार? पण कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे, तो कोणत्या भाषेत विचारायचा आणि त्याचे उत्तर किती महिन्यांत मिळाले पाहिजे, हे सारे याच संहितेत ठरून जाते. प्रबंधातील अनेक दोषांचे मूळ प्रबंधाच्या आधी शोधावे लागते ते यामुळे. सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या यांतील संशोधन-प्रस्तावाकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले तर काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कोणताही वाङ्मयप्रकार काही संकेतांवर उभा असतो. प्रस्तावाचे तीन संकेत ठळक दिसतात. पहिला संकेत उणिवेचा. आजवरच्या अभ्यासात एक रिकामी जागा आहे आणि ती भरून काढण्यास अर्जदार सिद्ध आहे, असे कथन प्रत्येक प्रस्तावाला करावे लागते. 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या शीर्षकाखाली येणारा मजकूर वस्तुतः ही रिकामी जागा निर्माण करण्याची रीत असते. दुसरा संकेत भविष्यकाळाचा. प्रस्ताव जे घडलेले नाही त्याचे वर्णन करतो, आणि ते अशा खात्रीने करतो की निष्कर्ष जणू वाट पाहत उभे आहेत. तिसरा संकेत वाचकाचा. प्रस्तावाचा अभिप्रेत वाचक म्हणजे तज्ज्ञ-समिती. कादंबरीकाराला आपला वाचक ठाऊक नसतो, पण त्या वाचकाने पुस्तक मिटले तरी कादंबरी उरते. प्रस्ताव त्याच्या वाचकाने मिटला की बहुधा ते संशोधनच उरत नाही. वाचकाची इतकी निर्णायक सत्ता दुसऱ्या कोणत्याही गद्यप्रकारात आढळणार नाही. म्हणून या प्रकाराचा इतिहास पाहायचा तर लेखकांपेक्षा वाचकांचा, म्हणजे परीक्षकांचा, इतिहास आधी पाहावा लागतो.

२

मराठी मुलखात हा इतिहास समजला जातो त्यापेक्षा जुना आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी चालविलेली श्रावणातील दक्षिणा हे विद्येला दिलेले सार्वजनिक द्रव्यसाहाय्यच होते. त्याला विद्वत्तेची परीक्षा होती, प्रतवारी होती आणि अर्थातच जातीची अट होती. १८१८नंतर एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम मोडली नाही. वार्षिक पन्नास हजार रुपयांच्या मर्यादेत ती चालू ठेवून तिच्या आधारे १८२१मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे याच निधीतून दक्षिणा फेलोशिप निघाल्या. न्या. रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. आधुनिक महाराष्ट्रातील विद्याव्यवहाराचा आरंभ अशा रीतीने एका अनुदानाशी जोडलेला आहे.

या निधीविषयी १८४९मध्ये पुण्यात जो वाद झाला तो अनुदाननीतीवरील मराठीतील पहिला गंभीर वाद म्हणावा लागेल. लोकहितवादी आणि त्यांचे सहकारी यांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा आणि तो सर्व जातींना खुला असावा, असे त्यांचे मागणे होते. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले आपल्या सोबत्यांसह उभे राहिले. भाषा कोणती, अर्ज कोण करू शकतो आणि लायकी कोण ठरवणार, हे तीनही प्रश्न या वादात होते. पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या तीन प्रश्नांपलीकडे आपण फारसे गेलो आहोत असे दिसत नाही.

वादाचे फलित म्हणून १८५१च्या सुमारास दक्षिणा प्राइज कमिटीची व्यवस्था आली आणि मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. भाषेचा प्रश्न सुटला. परीक्षकाचा सुटला नाही, हे चारच वर्षांत उघड झाले. फुल्यांनी १८५५मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठविले, ते नाकारले गेले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) नोंदवले आहे. ते नाटक प्रथम छापले गेले १९७९मध्ये, 'पुरोगामी सत्यशोधक'मधून. म्हणजे एका समितीच्या नकाराने ही संहिता वाचकांपासून सव्वाशे वर्षे दूर राहिली. मराठी नाटकाच्या आरंभकाळाचा इतिहास तिला वगळून लिहिला गेला, शिकवला गेला आणि त्याच इतिहासाच्या आधारे पुढच्या पिढ्यांची अभिरुची घडली. परीक्षकाचा नकार त्या वर्षापुरता नसतो. तो पुढच्या 'पूर्वसंशोधनाच्या आढाव्या'तही शिरतो, कारण जे छापलेच गेले नाही त्याचा आढावा कोणी घेऊ शकत नाही.

३

या दाखल्याने अस्वस्थ झालेला अभ्यासक सहज एका प्रतिमेकडे वळतो : निष्कांचन संशोधकाची. ताम्रपट आणि दप्तरे गोळा करीत गावोगाव हिंडणारे वि. का. राजवाडे हे या प्रतिमेचे मूर्तरूप आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८मध्ये निघाला, तो कोणत्याही परिषदेच्या मंजुरीवाचून. खऱ्या संशोधनाला पैसा लागत नाही, निष्ठा लागते, हे वाक्य या प्रतिमेच्या आधारे आपल्या परिसंवादांतून किती वेळा उच्चारले गेले असेल, त्याची गणती नाही.

राजवाड्यांची निष्ठा वादातीत आहे. परंतु त्या निष्ठेला जी दारे उघडली ती सर्वांना उघडली असती का, हा प्रश्न उरतोच. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यात माजघरापर्यंत जाणे, तिथे जेवणे, मुक्काम करणे आणि दप्तर सोडवून घेणे यासाठी एक सामाजिक भांडवल लागते, जे हिशेबात दाखवावे लागत नाही. ज्याला ते जन्माने मिळालेले नाही त्याला प्रवासखर्चही लागतो आणि संस्थेचे शिफारसपत्रही. अनुदानाचा तिटकारा हा अनेकदा आपल्याला मिळालेल्या अदृश्य अनुदानाचा विसर असतो. तेव्हा प्रस्तावाच्या साच्यावर टीका करताना या प्रतिमेचा आधार घेणे धोक्याचे आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यासाठी अर्ज करण्याचा हक्क हीच मोठी मिळकत आहे, आणि १८४९चे भांडण त्या हक्कासाठीच होते.

४

स्वातंत्र्योत्तर काळात या व्यवहाराला अखिल भारतीय रूप आले. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार १९६९मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. दोघेही महाराष्ट्रात काम केलेले, आणि सरकारी पैसा स्वायत्त परिषदेमार्फत अभ्यासकापर्यंत जावा या विचाराचे. पाठोपाठ १९७२मध्ये इतिहासासाठी आणि १९७७मध्ये तत्त्वज्ञानासाठी अशाच परिषदा आल्या. साहित्याच्या अभ्यासासाठी मात्र अशी परिषद झाली नाही. साहित्य अकादेमी १९५४पासून आहे, पण तिचे मुख्य काम पुरस्कारांचे, अनुवादांचे आणि प्रकाशनांचे. मराठीचे प्राध्यापक दीर्घकाळ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु आणि बृहत् प्रकल्पांवर विसंबून राहिले, आणि त्या योजनाही आता पूर्वीच्या रूपात उरल्या नाहीत. परिणामी साहित्याच्या अभ्यासकाला अनुदान हवे असेल तर समाजशास्त्रज्ञाचा वेष घेऊन जावे लागते. ओवीचा अभ्यास 'स्त्री-सक्षमीकरण' होऊन जातो, कीर्तनाचा अभ्यास 'संज्ञापन' होऊन जातो. वेष घेण्यात गैर काही नाही. पण वेष पुष्कळ दिवस वापरला की चाल बदलते.

चाल कशी बदलते हे एका उदाहरणाने पाहता येईल. यवत हे दौंड तालुक्यातील, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी लोणी काळभोरनंतर यवतला मुक्कामाला येते आणि पुढे वरवंडकडे जाते. पालखी काळभैरवनाथाच्या देवळात विसावते आणि त्या रात्री गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण घालते. भाकरी घरोघरी थापल्या जातात. हा भाग कालव्याच्या पाण्यावर उसाचा झाला, आणि दौंड तालुक्याची गुऱ्हाळे प्रसिद्ध आहेत. त्यांवर परप्रांतातून आलेले कामगार राबतात. आता एखाद्या विद्यार्थिनीला प्रश्न पडला : ज्या शिवारात ऊस उभा आहे त्या गावातल्या भाकरीचे पीठ कुठून येते? भाकरी थापणाऱ्या बाया तिला 'सेवा' म्हणतात, 'मान' म्हणतात की 'वाटा' म्हणतात? आणि गुऱ्हाळावरचा कामगार त्या पंगतीत कुठे बसतो?

प्रश्न खरा आहे, आणि नवाही. दि. बा. मोकाशी यांची 'पालखी' (१९६४) ज्या वाटेने गेली ती आळंदीची, सासवड-जेजुरीची. देहूच्या वाटेवरच्या मुक्कामाला तसा लेखक मिळालेला नाही. पण हा प्रश्न प्रस्तावाच्या नमुन्यात उतरवताना काय होते? परिषदेचा व्यवहार इंग्रजीत किंवा हिंदीत. तेव्हा पहिल्याच ओळीत पिठलं-भाकरीचे 'कम्युनिटी फूड प्रॅक्टिसेस' होते. 'सेवा', 'मान' आणि 'वाटा' या तीन शब्दांतील फरक, जो या संशोधनाचा गाभा होता, तो 'पार्टिसिपेशन' या एका शब्दात बुडून जातो. गृहीतक मांडावे लागते, म्हणजे बायका काय म्हणतील ते त्यांना विचारण्याआधी सांगावे लागते. नमुन्याचा आकार सांगावा लागतो, म्हणून एका रात्रीच्या गर्दीतून शंभर उत्तरदाते वेगळे काढले जातात. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात इंग्रजी ग्रंथ आधी येतात. इरावती कर्व्यांचा 'परिपूर्ती'तील वारीवरचा लेख, रा. चिं. ढेरे यांचे 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' यांना 'संशोधन' म्हणून नव्हे तर 'प्राथमिक सामग्री' म्हणून नोंदण्याचा मोह होतो. मराठीत विचार झाला आहे हे मान्य केले तर उणीव लहान होते, आणि उणीव लहान झाली की प्रस्ताव दुबळा ठरतो.

काळाचा पेच याहून बिकट आहे. पालखी यवतला वर्षातून एक रात्र असते. अनुदानाचे वर्ष मार्चला संपते, पंचांगाचे तसे नाही. मंजुरीचे पत्र आषाढानंतर आले की एक वारी हातची गेली. दोन वर्षांच्या प्रकल्पात अशा दोनच रात्री. बाकीच्या महिन्यांत प्रगती-अहवाल द्यावयाचा, त्यावर पुढचा हप्ता अवलंबून. ज्या संशोधकाला बायकांनी तिसऱ्या वर्षी खरे सांगायला सुरुवात केली असती, त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दुसऱ्या वर्षीच गेलेले असते.

अंदाजपत्रकही संहिता म्हणूनच वाचले पाहिजे. त्यात संशोधन-साहाय्यकाचे मानधन असते, प्रवास असतो, साधने असतात, किरकोळ खर्च असतो, संस्थेचा वाटा असतो. जिने चुलीपाशी बसून दोन तास सांगितले तिच्यासाठी स्वतंत्र शीर्ष सहसा नसते. प्रस्तावातील पात्रे कोण आणि पार्श्वभूमी कोण, हे इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

तरीही साच्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. हा नमुना अभ्यासकाला विचारतो : किती दिवस, कोणाबरोबर, कशाच्या आधारे आणि किती खर्चात? 'लोकसंस्कृतीचा सखोल अभ्यास' अशा मोघम संकल्पांना हे चार प्रश्न फार उपकारक आहेत. वर दिलेला यवतचा प्रश्नही या कसोटीवर घासला तर अधिक नेमका होईल : एकाच वाडीतील घरे, एकाच वर्षाचे धान्य, एकाच गुऱ्हाळाचा हंगाम. मोघमपणा आणि मोकळेपणा यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. साच्यावरची टीका मोघमपणाला आसरा देणारी असता कामा नये.

५

साचा आणि प्रश्न यांचा मेळ बसूच शकत नाही असे नाही. त्याचा मोठा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे. गी प्वातवॅं आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातील सहकारी सामाजिक संशोधन केंद्राच्या द्वारे जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आज त्या संग्रहात हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. १९९३ ते १९९८ या काळात या कामाला युनेस्को, नेदरलँड्सचे विकास-सहकार्य मंत्रालय आणि चार्ल्स लिओपोल्ड मेयर प्रतिष्ठान यांचे अर्थसाहाय्य मिळाले.

या घटनाक्रमात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, प्रश्न अर्जातून जन्मलेला नव्हता. डोंगराळ भागातील गरीब बायकांचे संघटन चालले असताना त्यांच्या स्वतःच्या अभिव्यक्तीचा शोध सुरू झाला. अर्थसाहाय्य आले तेव्हा काम उभे होते, कार्यकर्त्या होत्या, लिहून घेण्याची पद्धत होती. पैशाने त्याला विस्तार दिला, आणि बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रणांची जोड मिळाली. दोन, काम अनुदानाच्या कालमर्यादेत संपले नाही. प्वातवॅं २००४मध्ये निवर्तले, हेमाताई २०१०मध्ये. संग्रह मात्र टिकला, आणि २०१७पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने तो वाचकांसमोर आणण्यास आरंभ केला. 'अंतिम अहवाल' हा शब्द इथे गैरलागू ठरतो.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले असते. ती 'उत्तरदाती क्रमांक अमुक' नाही. प्रस्तावाच्या भाषेत जी सामग्री असते ती इथे कर्ती होते, आणि संग्राहक तिच्या संहितेचा संपादक ठरतो. पद्धतीविषयीचा हा निर्णय कोणत्याही नमुन्याने मागितलेला नव्हता. नमुन्याने त्याला अडवलेही नाही. नमुना जिथे गप्प असतो तिथे अभ्यासकाला पुष्कळ काही करता येते, हा या उदाहरणाचा बोध.

हेही खरे की हे अर्थसाहाय्य परदेशी होते. मराठीतील जात्यावरच्या ओव्यांसाठी अर्ज परदेशाच्या दिशेने जावेत आणि देशी परिषदांत साहित्याला दालनच नसावे, ही अभिमानाची गोष्ट नव्हे.

६

हा सारा विचार आज करण्याचे एक तातडीचे कारण आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या दर्जासोबत अध्ययन-संशोधनासाठी निधीची अपेक्षा बाळगली जाते, आणि ती रास्त आहे. पण निधी आला की नमुना येईल, नमुन्यासोबत समिती येईल. त्या वेळी मराठीच्या संशोधनासाठीचा प्रस्ताव मराठीत लिहिता येणार आहे की नाही? नाकारलेल्या अर्जदाराला परीक्षकांचा लेखी अभिप्राय मिळणार आहे की नाही? काम करता करता प्रश्न बदलला तर तो प्रामाणिकपणे बदलण्याची सोय असणार आहे की नाही? सांगणाऱ्या-गाणाऱ्या माणसांच्या वेळाचे मोल अंदाजपत्रकात धरले जाणार आहे की नाही? 'अभिजात' या शब्दाचा अर्थ केवळ प्राचीन ताम्रपट आणि पोथ्या असा घेतला गेला, तर १८४९पूर्वीची दक्षिणा नव्या नावाने परत येईल. यवतच्या भाकरीचे पीठ तिच्या कक्षेत बसणार नाही.

विद्यापीठांच्या मराठी विभागांना यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. पदव्युत्तर वर्गात निबंध, चरित्र, प्रवासवर्णन यांच्या बरोबरीने प्रस्ताव हा गद्यप्रकार म्हणून शिकवता येईल. विद्यार्थ्याने आपला प्रश्न आधी मराठीत, ज्यांच्याविषयी तो आहे त्यांना वाचून दाखवता येईल अशा शब्दांत लिहावा. मग तो इंग्रजीत न्यावा, आणि वाटेत काय गळले याची टिपणे ठेवावीत. गळलेल्या शब्दांची ती यादी पुष्कळदा मंजूर झालेल्या प्रस्तावापेक्षा अधिक मोलाची निघेल, आणि पुढच्या अभ्यासकाला खरी उणीव तिच्यातच सापडेल. परीक्षक म्हणून समितीवर बसणाऱ्या ज्येष्ठांनीही एक करावे : अर्ज नाकारताना 'तृतीय रत्न' आठवावे, आणि नकाराची कारणे सही करून लिहावीत.